आतड्याची जकात

बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात काउंट वर यायला लागले की सगळ्यांचे चेहरे बदलतात. पांढऱ्या पेशी दिसू लागल्या, ताप उतरला, तोंडातले फोड भरत आले, दोन घास मऊ भात पोटात राहिला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "घरी कधी?" डॉक्टर राउंडला म्हणतात, "आता ड्रिपमधलं टॅक्रोलिमस तोंडाने सुरू करू." फाइलवर एक ओळ लिहिली जाते. माझं खरं काम त्या ओळीपासून सुरू होतं.

मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. माझी जागा औषधांच्या काउंटरमागे नसून राउंडमध्ये, डॉक्टर आणि सिस्टर यांच्या शेजारी आहे. केमोथेरपी, अँटिबायोटिक, बुरशीविरुद्धची औषधं या सगळ्यांकडे मी पाहते, पण माझा जीव गुंतलाय तो प्रतिकारशक्ती आवरून धरणाऱ्या औषधांत: सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, सिरोलिमस. थोडं कमी पडलं तर पेशंट हातचा जाऊ शकतो, थोडं जास्त झालं तरी तेच. आणि कमी-जास्त ठरवणारं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे पेशंटचं आतडं.

किडनी बदलली तर शरीर नव्या किडनीवर तुटून पडतं. मॅरो बदलला की उलटं होतं. दात्याची प्रतिकारशक्तीच पेशंटच्या शरीरात रुजते, आणि तिला आजूबाजूचं सगळं शरीर परकं दिसतं. ती त्वचेवर, यकृतावर आणि आतड्यावर हल्ला चढवते. याला वॉर्डात सगळे जीव्हीएचडी म्हणतात. आठवड्याभरात पेशंटची आजीसुद्धा तो शब्द बिनचूक उच्चारायला लागते. ते टाळण्यासाठी ही औषधं. किडनीच्या पेशंटसारखी ती जन्मभर घ्यावी लागत नाहीत. सगळं ठीक चाललं तर काही महिन्यांनी हळूहळू कमी करत बंदही होतात. पण ते पहिले महिने अवघड. जे आतडं वाचवायचं, त्याच आतड्यातून औषधाला रक्तात शिरायचं असतं. ट्रान्सप्लांटच्या आधीच्या जोरदार केमोने ते आतडं आधीच सोललेलं असतं, आणि पुढे जीव्हीएचडी झाला तर पुन्हा तेच सोलून निघतं.

यांतल्या तीन औषधांचा उगम मातीत आहे. सायक्लोस्पोरिन देणारी बुरशी नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावरच्या मातीत सापडली. 1969 साली सँडोझ कंपनीतला एक माणूस तिथे सुट्टीला गेला होता, त्याने ती माती सोबत आणली. बाझेलच्या प्रयोगशाळेत 1972मध्ये तिचा प्रतिकारशक्तीवरचा परिणाम ध्यानात आला. टॅक्रोलिमस 1984मध्ये जपानातल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूंपासून मिळालं. सिरोलिमसची माती पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई बेटावरची, 1964मध्ये कॅनडातून गेलेल्या एका मोहिमेने आणलेली. आणि ते औषध अनेक वर्षं जिवंत ठेवणारे शास्त्रज्ञ होते सुरेन सेहगल, मूळचे पंजाबचे. त्यांच्या कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद करून काम थांबवलं, तेव्हा त्यांनी तो जिवाणू आपल्या घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. शिकाऊ मुलांना मी हे आवर्जून सांगते. रोज ज्या कॅप्सूलच्या पाकिटावर आपण सही करतो, ती कुणाच्या तरी हट्टामुळे आपल्यापर्यंत आली, हे त्यांना माहीत असावं असं मला वाटतं.

सायक्लोस्पोरिनची गोष्ट तर आमच्या विषयाची बाराखडीच आहे. अकरा अमिनो आम्लांची ती एक अंगठी, पाण्यात जवळजवळ न विरघळणारी. माणसांवर पहिल्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा पावडर भरलेल्या कॅप्सूल दिल्या गेल्या आणि रक्तात औषध दिसलंच नाही. इतकं मोठं औषध तिथेच संपलं असतं. तेव्हा ज्याँ बोरेल या संशोधकाने ते अल्कोहोलमध्ये विरघळवून स्वतः प्यायलं, आणि त्याच्या रक्तात ते सापडलं. औषध नालायक नव्हतं, त्याला आत जायची वाट नव्हती. पुढे ते तेलात मिसळून आलं. 1978मध्ये लंडनला रे पॉवेल्स यांनी मॅरो ट्रान्सप्लांटच्या पेशंटना ते दिलं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातला पहिला मॅरो ट्रान्सप्लांट केला तो 1983मध्ये, म्हणजे या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली त्याच वर्षी. तेलातल्या त्या जुन्या औषधाचा भरवसा नव्हता. ते शोषलं जायला पित्त लागायचं, आणि एकाच्या रक्तात दहा टक्केही पोचत नसे तर दुसऱ्याच्या रक्तात बरंच जास्त. नव्वदच्या दशकात मायक्रोइमल्शन आलं, पोटात गेल्यावर आपोआप बारीक बारीक थेंबांत फुटणारं, तेव्हा कुठे थोडी शिस्त आली.

आता आतड्याकडे येते. पेशंटचे नातेवाईक विचारतात, "सलाइनमधून दिवसाला एक मिलिग्रॅम होतं, आणि आता गोळ्या सकाळी दोन नि संध्याकाळी दोन? चौपट कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी त्यांना जकात नाक्याचं उदाहरण देते. गिळलेलं टॅक्रोलिमस आतड्याच्या भिंतीत शिरलं की तिथे दोन अंमलदार उभे असतात. एक एन्झाइम, सीवायपी-थ्री-ए, जे औषध तोडून टाकतं. दुसरा एक पंप, पी-ग्लायकोप्रोटीन, जो आत आलेलं औषध उचलून पुन्हा आतड्याच्या पोकळीत फेकतो. यांच्या तावडीतून सुटलेलं औषध यकृतात जातं, तिथे तेच एन्झाइम पुन्हा वसुली करतं. शेवटी साधारण पाव भाग रक्तात फिरायला उरतो. म्हणून चौपट. सायक्लोस्पोरिनला हा नाका थोडा सौम्य, तिथे दुप्पट-तिप्पट पुरते. पण हे सरासरीचे आकडे झाले. टॅक्रोलिमसच्या बाबतीत एखाद्या माणसाचं पाच टक्क्यांहून कमी औषध पार होतं, तर एखाद्याचं ऐंशीच्या वर.

म्हणून आम्ही रक्तात पातळी मोजतो. वॉर्डात तिला फक्त "लेव्हल" म्हणतात. "टॅक्रोची लेव्हल आली का?" टॅक्रोलिमसची पाच ते पंधरा, सायक्लोस्पोरिनची पहिल्या आठवड्यांत दोनशे ते तीनशे, मिलिलिटरमागे इतके नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. एवढ्याशा आकड्यावर आम्ही कॅप्सूल वाढवतो, कमी करतो. आणि माझं ठाम मत आहे की हा आकडा एकटा वाचायचा नसतो. काल पेशंटचं पोट कसं होतं, काय खाल्लं, रक्त कुणी, किती वाजता, कुठून काढलं, कुठलं नवं औषध सुरू झालं, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

एका मुलीची आठवण सांगते. भावाचा अर्धा जुळणारा मॅरो मिळाला होता, काउंट छान आले होते, तोंडाने औषधं सुरू होऊन काही दिवस झाले होते. लेव्हल नऊवर स्थिर होती. एका सकाळी अहवाल आला: एकोणीस. डोस तोच, वेळ तीच. निवासी डॉक्टरला वाटलं, सिस्टरकडून दोनदा दिलं गेलं असेल. मी आधी पेशंटजवळ गेले. ती आरशासमोर बसली होती. म्हणाली, "ताई, टिकली लावताना हात हलतोय." बोटं बारीक थरथरत होती. टॅक्रोलिमस जास्त झाल्याची ही खूण पुस्तकात असते. तिच्या तोंडून ती अशी आली. मग मी तिच्या आईला बाहेर बोलावून विचारलं, मोशन कशा होताहेत. आई आधी गप्प. मग हळूच म्हणाली, "काल रात्रीपासून सात-आठ वेळा गेली. सांगितलं असतं तर डिस्चार्ज थांबवला असता तुम्ही."

तिला रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोन महिने ती कागदी गाऊन घालून त्या खोलीत बसून होती. पण जुलाब लपवले की आमच्या हातातली सगळी गणितं चुकतात, आणि टॅक्रोलिमसच्या बाबतीत ती उलट्या दिशेने चुकतात, जे कुणाच्या सहज लक्षात येत नाही. पोट बिघडलं तर औषध वाहून जाईल, लेव्हल पडेल, असं कोणालाही वाटेल. सायक्लोस्पोरिनचं पुष्कळदा तसंच होतं. ते मुख्यतः आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं, आणि घाईने पुढे सरकलं तर हुकतं. टॅक्रोलिमस मात्र जुलाबात वाढतं. नाक्यावरची ती एन्झाइमं आतड्याच्या मखमली लवेच्या टोकांवरच्या पेशींत असतात. आतड्याला सूज आली की आधी ही टोकं झडतात. वसुली करणारेच जागेवर नसतात, मग माल सरळ आत जातो. शिवाय ही एन्झाइमं आतड्याच्या वरच्या भागात भरपूर आणि खाली मोठ्या आतड्यात फार कमी. जुलाबात औषध भराभर खाली पोचतं, आणि तिथे त्याला तोडणारं फारसं कोणी नसतं.

त्या मुलीचा संध्याकाळचा डोस थांबवला, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन पाहिलं, शौचाचा नमुना पाठवला, आणि मोशनचं माप ठेवायला सांगितलं. हे माप म्हणजे आमच्याकडचं अगदी गंभीर काम आहे. पॉटमध्ये मोजून दिवसाचे मिलिलिटर लिहायचे. पाचशेच्या वर गेलं की आतड्याच्या जीव्हीएचडीची पहिली पायरी धरतात, हजाराच्या वर दुसरी, दीड हजाराच्या वर तिसरी. सिस्टर ते न कुरकुरता करतात, आणि त्या तक्त्यावरचा आकडा माझ्यासाठी लेव्हलइतकाच मोलाचा असतो. तिच्या बाबतीत जीव्हीएचडी नव्हता, संसर्ग निघाला. उपचार झाले, पोट बरं झालं. आणि पोट बरं झाल्याबरोबर लेव्हल खाली यायला लागली. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं येतं, त्याबरोबर एन्झाइमही परत येतं. जो डोस आपण भीतीने कमी केला, तो वेळेवर पुन्हा वाढवला नाही, तर ऐन बरं होण्याच्या काळात औषध कमी पडतं. माझ्या मते हा टप्पा जास्त धोक्याचा आहे, कारण तेव्हा सगळे सैल झालेले असतात. आम्ही तिची लेव्हल एक दिवसाआड पाहिली आणि डोस दोन टप्प्यांत पूर्ववत केला.

खरोखरच आतड्याचा जीव्हीएचडी झाला तर मात्र मी तोंडाच्या कॅप्सूलवर भरवसा ठेवायला सांगत नाही. पुन्हा ड्रिप. डिस्चार्ज लांबतो, छातीत बसवलेली लाइन काढता येत नाही, खर्च वाढतो, पेशंट रडतो. तरी ड्रिपच, कारण दीड-दोन लिटर जुलाब होत असताना आत काय गेलं आणि बाहेर काय आलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि हे औषध अंदाजाने देण्याचं नाही.

आता रक्त काढण्याबद्दल. इथे मी थोडी लांबण लावणार आहे, कारण इथली गफलत फार सोपी आहे. बहुतेक पेशंटच्या छातीत हिकमन लाइन नावाची नळी असते, दोन तोंडांची, एक लाल, एक पांढरं. सायक्लोस्पोरिनची ड्रिप पांढऱ्यातून चालली असेल तर लेव्हलचं रक्त पांढऱ्यातून कधीच काढायचं नाही. हे औषध प्लास्टिकला चिकटून बसतं, आणि नुसतं सलाइनने धुतल्याने निघत नाही. ड्रिप बंद करून बरेच दिवस झाले तरी त्या तोंडातून काढलेल्या रक्तात लेव्हल खोटीच जास्त येते. त्या खोट्या आकड्यावर डोस कमी केला की पेशंटला खरं औषध कमी पडतं, आणि दोन आठवड्यांनी अंगावर जीव्हीएचडीचं पुरळ उठतं. आमच्याकडे त्या तोंडावर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत "सायक्लो" लिहितात. रात्रपाळीच्या एक सिस्टर तर नव्या मुलींना पहिल्याच दिवशी ते तोंड हातात धरून दाखवतात आणि सांगतात, "इथून रक्त काढलंस तर रिपोर्ट माझ्या हातात देऊ नकोस." या सिस्टरांनी किती पेशंट वाचवले असतील ते कोणत्याही कागदावर येत नाही.

रक्त भरायची नळीही ठरलेली, जांभळ्या झाकणाची. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन लाल पेशींत जाऊन बसतात, म्हणून पूर्ण रक्त लागतं. रक्त गोठू देऊन वरचं पाणी घेतलं तर खरा आकडा हाती लागत नाही.

आणि वेळ. लेव्हल म्हणजे पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधीची, सर्वांत खालची पातळी. वॉर्डात हे जमतं, ओपीडीत नाही. पेशंट घरी गेला की सकाळी आठ आणि रात्री आठ असा नेम असतो. सोलापूरहून, नांदेडहून रात्रीच्या गाडीने येतात, आठ वाजता रांगेतच इमानदारीने कॅप्सूल घेतात, कारण आम्हीच बजावलेलं असतं की वेळ चुकवायची नाही. दहा-साडेदहाला रक्त काढलं जातं. रिपोर्ट येतो अठरा. तो आकडा औषध नुकतंच शोषलं गेल्याचा आहे, ते जास्त झाल्याचा नव्हे. म्हणून डिस्चार्जच्या वेळी मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वदवून घेते: दवाखान्याच्या दिवशी सकाळची कॅप्सूल खिशात ठेवायची, रक्त दिल्यावर लगेच घ्यायची. ज्यांना लांबून यायचं असतं त्यांचा नेमच मी आठवरून दहावर सरकवते. घड्याळातले आकडे कुठले हे महत्त्वाचं नाही, मधले बारा तास महत्त्वाचे.

बुरशीविरुद्धच्या औषधांचं प्रकरण मोठं आहे, पण त्याचं सूत्र सोपं. व्होरिकोनाझोल किंवा पोसाकोनाझोल सुरू केलं की ते नाक्यावरच्या त्याच एन्झाइमला बांधून ठेवतं. टॅक्रोलिमसचा डोस त्याच दिवशी एक तृतीयांशावर आणायचा, लेव्हल वाढण्याची वाट पाहत बसायचं नाही. सायक्लोस्पोरिन व्होरिकोनाझोलबरोबर निम्म्यावर. फ्लुकोनाझोलही हेच करतं, जरा कमी. ही औषधं आमच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटला लागतात, त्यामुळे सुरू करताना सगळे सावध असतात. बंद करताना मात्र विसरतात. बुरशीचं औषध थांबलं की एन्झाइम काही दिवसांत मोकळं होतं आणि टॅक्रोलिमस तुटायला लागतं. डोस तिप्पट करावा लागतो तेव्हा कुठे मूळची लेव्हल टिकते. फाइलवर एखादं औषध "बंद" लिहिलेलं दिसलं की मी तिथे थांबतेच.

मायकोफेनोलेटचं थोडक्यात. ते यकृतातून पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येतं, आणि आतड्यातले जिवाणू त्याला मोकळं करून परत रक्तात जाऊ देतात. आमच्या पेशंटचे जिवाणू मोठमोठ्या अँटिबायोटिकनी साफ झालेले असतात, त्यामुळे हा परतीचा प्रवास अर्धवट राहतो. सायक्लोस्पोरिनही तो अडवतं. म्हणून किडनीच्या पेशंटना जे दिवसातून दोनदा पुरतं ते आम्ही पुष्कळदा तीनदा देतो. आणि छातीत जळजळतं म्हणून गुलाबी रंगाचं ॲसिडिटीचं औषध वर घेतलं, तर त्यातलं ॲल्युमिनियम नि मॅग्नेशियम मायकोफेनोलेटला शोषू देत नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं.

जेवणाबद्दल पेशंट जितके प्रश्न विचारतात तितके दुसऱ्या कशाबद्दल नाही, आणि मला ते आवडतं, कारण माणूस खाण्याबद्दल विचारायला लागला म्हणजे बरा होतोय. टॅक्रोलिमस तुपकट जेवणाबरोबर घेतलं तर एकूण शोषण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतं आणि रक्तातलं शिखर फारच बुटकं होतं. म्हणून रिकाम्या पोटी, किंवा रोज एकसारख्या खाण्यानंतर. एकसारखेपणावर माझा भर जास्त असतो. रोज सकाळी चहा आणि दोन पोळ्या खाऊन घेणार असाल तर रोज तसंच घ्या, मी डोस त्याला जुळवीन. एक दिवस उपाशी आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीवर तुपाची धार, याला मात्र मी काही करू शकत नाही. सणावाराला मी स्वतः फोन करते. गोडधोड खा, पण कॅप्सूल आधी, पोट रिकामं असताना.

फळांमध्ये एक शत्रू आहे, ग्रेपफ्रूट. त्यातली रसायनं आतड्याच्या एन्झाइमला कायमचं निकामी करतात, आणि नव्या पेशी येईपर्यंत ते परत येत नाही. त्यामुळे "सकाळी फळ, रात्री औषध" ही तडजोड चालत नाही. आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातं, असं म्हणून काही डॉक्टर तो मुद्दा सोडून देतात. पण पपनस त्याच कुळातलं आहे, आणि किडनीच्या एका पेशंटला पपनसामुळे टॅक्रोलिमस वाढल्याची नोंद जपानमधून आलेली आहे. कोकणात गणपतीसमोर पपनस असतंच, गोव्यात माटोळीला ते टांगतात, आणि विसर्जनानंतर घरातल्या सगळ्यांना फोडी मिळतात. सिंधुदुर्गातल्या एका काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "प्रसाद नाही म्हणायचा?" मी म्हटलं, "काका, मोदक घ्या." त्यांनी मान हलवली, आणि फोनवरून तिथल्या तिथे घरी सांगितलं की यंदा आपल्याला पपनस वाढायचं नाही.

कंपनी बदलण्याचा प्रश्नही फार येतो. गावच्या दुकानात तीच कंपनी मिळत नाही, दुकानदार म्हणतो औषध एकच आहे. औषध एकच असतं हे खरं, तरी बदललं तर मला कळवा, आठवड्याभरात लेव्हल पाहू. दिवसातून एकदा घ्यायचं दीर्घकाळ सुटणारं टॅक्रोलिमस आणि दोनदा घ्यायचं साधं, यांची अदलाबदल मात्र कधीच नाही. दोन्हींच्या डब्या पुष्कळदा सारख्या दिसतात. सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूल घ्यायच्या क्षणापर्यंत फॉइलमधून काढायच्या नाहीत. आठवड्याच्या खणांच्या डबीत आधीच काढून ठेवल्या तर चालत नाही. लहान मुलांना ते द्रवरूपात देताना संत्र्याच्या रसात कालवायचं, आणि काचेच्या पेल्यात, प्लास्टिकच्या नाही.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती जनुकांची गोष्ट. सीवायपी-थ्री-ए-फाइव्ह नावाचं एन्झाइम काही माणसांत जागं असतं, काहींत निजलेलं. आपल्या लोकांत ते युरोपातल्यांपेक्षा जास्त जणांत जागं आढळतं, आणि अशा माणसाला टॅक्रोलिमस खूप जास्त लागतं. हे रक्ताच्या तपासणीत कळतं. पण मॅरो ट्रान्सप्लांटनंतर रक्त दात्याचं झालेलं असतं. तेव्हा रक्त तपासलं तर भावाची जनुकं दिसतात. औषध तोडणारं आतडं आणि यकृत मात्र पेशंटचंच, त्याच्या आईबापांनी दिलेलं. ही तपासणी करायचीच असेल तर ट्रान्सप्लांटच्या आधी, नाहीतर गालाच्या आतल्या पेशींवर, आणि त्यातही लाळेत आलेल्या पांढऱ्या पेशी दात्याच्या असू शकतात हे लक्षात ठेवून. बहीण-भाऊ एका शरीरात असे एकत्र राहायला लागलेले मी रोज पाहते, आणि त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

घरी गेल्यावर पेशंटचा खरा डॉक्टर गावातला असतो. ताप आला, खोकला आला तर आधी त्याच्याकडेच जाणार, आणि ते योग्यच आहे. म्हणून डिस्चार्जच्या कागदाबरोबर मी एक वेगळं पान देते, मराठीत, गावच्या डॉक्टरांच्या नावे, माझ्या फोन नंबरासह. पुष्कळ डॉक्टर फोन करतात. मध्ये साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावातून असाच फोन आला. पेशंटला तीन दिवस खोकला, क्लॅरिथ्रोमायसिन लिहायला घेतलं होतं, पान दिसलं म्हणून थांबले. क्लॅरिथ्रोमायसिन त्याच एन्झाइमला अडवतं, चार दिवसांत लेव्हल दुपटीवर गेली असती. ॲझिथ्रोमायसिन त्याच्या वाटेला फारसं जात नाही, ते चालेल, म्हटलं, पण आधी छातीचा एक्स-रे काढा, ताप असेल तर आजच इकडे पाठवा. ते म्हणाले, "आणि टीबी निघाला तर? आमच्याकडे पुष्कळ असतो."

हा त्यांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन नेमकं उलटं करतं. आतड्यात आणि यकृतात ते एन्झाइम इतकं वाढवतं की आठवड्याभरात टॅक्रोलिमस रक्तात जेमतेम उरतं, कितीही कॅप्सूल दिल्या तरी. आणि रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही तो परिणाम दोन आठवडे रेंगाळतो. निघालाच तर आपल्याला टीबीच्या औषधांचा संचच वेगळा ठरवावा लागेल, तुमच्या, आमच्या आणि टीबीच्या डॉक्टरांनी मिळून, आणि पहिला डोस देण्याआधी, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी थुंकी तपासायला पाठवली, एक्स-रेचा फोटो तासाभरात फोनवर आला, आणि गुरुवारी सकाळी औषध घेण्याआधी लेव्हलचं रक्त काढून जांभळ्या नळीत पुढच्या गाडीने पाठवायचं ठरलं. एक्स-रे स्वच्छ होता. थुंकीचा रिपोर्ट अजून यायचा आहे.